आमेन होईपर्यंत

तर तो माझ्या खिडकीबाहेर लोंबकळत होता, इथंच काल आपण थांबलो. दोन्ही मुठींत खिडकीचे गज, चेहरा चुन्यासारखा पांढरा, वर गच्ची आणि खाली पाच मजले. मी आतून त्याची मनगटं धरलेली. माझ्या म्हाताऱ्या हातांचा त्याला किती आधार, ते देवच जाणे!

हा उंच इमारती रंगवणारा रंगारी. सदा दोराला लटकलेला म्हणून त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्यानं त्याचं नाव वटवाघूळ ठेवलेलं. त्याच्या ख्रिस्ती घराची एक रीत होती. गच्चीवर दोर बांधला की लगेच उतरायचं नाही. कठड्याच्या आतच पाय रोवायचे, सगळा भार दोरावर टाकायचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. गाठ सरकायची असेल तर तेवढ्यात सरकते. आमेन झालं की मग बाहेर. बापानं दोघा भावांना असंच शिकवलेलं.

थोरला भाऊ गेला, तोही आमेन म्हणूनच उतरला होता. दोर शाबूत, गाठ शाबूत. कठड्याचाच तुकडा निखळला आणि त्याच्या डोक्यात बसला. तेव्हापासून वटवाघळानं चर्चची पायरी चढली नाही. दर रविवारी बायको एकटीच जायची.

त्या सकाळी मेहुण्यानं गच्चीवर प्रार्थना सुरू केली, तर हा खेकसला, "पुरे कर! माझ्या भावानं काय कमी म्हटली होती?" आणि रागाच्या भरात थेट कठड्याबाहेर पाय टाकला. प्रार्थना टाळली, तिच्याबरोबर भार टाकून बघणंही राहिलं. गाठ सरकली, आणि कमरेच्या दोरासकट हा सर्रकन माझ्या खिडकीपर्यंत आला नि गज पकडून बसला.

"दाजी!" वरून मेहुण्याचा आवाज. "गाठ नव्यानं बांधलीय, पक्की! वॉचमनही आलाय. गज सोडा, ओढतो वर!"

"सुटत नाहीत रे हात!"

"बाळा, सोड," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला ढकलतोय. माझीही पाचावर धारण बसली.

मग मेहुणाच वरून प्रार्थना म्हणू लागला. पण भीतीनं बोबडी वळलेली. रोजची भाकरी मागायची ओळ झाली की मधलं सगळं गाळून एकदम आमेन!

"अरे गाढवा," हा गजांना लटकून ओरडला, "क्षमेची ओळ कुठं गिळलीस?"

"मग म्हणा की तुम्हीच!"

आणि त्यानं म्हटली. पहिल्यापासून. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली तिथं अडला. किती तरी वेळ नुसते ओठ हलत होते, डोळ्यांतून धारा. मला वाटलं, संपलं आता, हा काही पुढं जात नाही. पण गेला. ओळीमागून ओळ, त्याचा भार माझ्या हातांतून दोरावर सरकत होता, मला तो कळत होता. आमेनला बोटं उघडली.

नंतर तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. चहा बशीत ओतून फुंकर घालत होता. मी विचारलं, "काय रे, गेला का देवावरचा राग?"

"नाही हो आजोबा. राग आहे, भीतीही आहे. पण खाली बघितलं ना, तेव्हा हाक मारायला दुसरं कुणी सुचलंच नाही."