थंब मशीनचा नारळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीहून साताऱ्याला आले आणि थेट संग्रहालयातच उतरले. पिशवीत सगळ्यांना द्यायला आपट्याची पानं होती, आईने बांधून दिलेल्या गोड, कुरकुरीत कडाकण्या होत्या, आणि सुट्टीमुळे डोकंही जरा थंड होतं. दारातून आत शिरले, सवयीने अंगठा पुढे केला आणि तसाच हवेत राहिला.

भिंतीवरचं आमचं हजेरीचं थंब मशीन नखशिखांत सजलं होतं. कपाळ म्हणावं त्या जागी हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार, अंगठा ठेवायच्या खाचेत चिकटून वाळलेल्या अक्षता. पडदा काळा ठिक्कर. मी अंगठा ठेवला, दाबला, पुसून परत ठेवला. कुंकू तेवढं अंगठ्याला लागलं.

मी या संग्रहालयाची आणि त्याला जोडून असलेल्या संशोधन ग्रंथालयाची मनुष्यबळ प्रमुख. म्हणजे नक्की काय करतेस, असं सांगलीतले नातेवाईक अजूनही विचारतात. तिथे जुन्या तलवारी आणि जुनी कागदपत्रं सांभाळणारी माणसं आहेत, त्या माणसांना मी सांभाळते, असं सांगून मी विषय बदलते. आधी बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत हेच काम केलं. तिथे माणसं भांडायची, पण का भांडतात ते कळायचं. इथे सगळे हसून 'हो मॅडम' म्हणतात, आणि कशाला हो म्हणाले ते मला संध्याकाळी कळतं.

हे मशीन मी आणलं होतं. अंगठा नाही तर हजेरी नाही, हा नियमही माझाच. त्याआधी दारात मेजरसमोर सही करायची पद्धत होती. मेजर म्हणजे आमचे दारावरचे रखवालदार. कोरेगावकडचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, पण सगळे त्यांना मेजरच म्हणतात आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. मशीन लागलं तेव्हा त्यांनी त्याला कडक सलाम ठोकला होता. तो मान होता की टोमणा, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"मेजर, हे कुणी केलं?" मी विचारलं. आवाज चढला होता, हे मान्य.

"कुंकू मी लावलं," मेजर छाती काढून म्हणाले.

मी चमकले. एवढ्या पटकन कुणी कबूल करतं? तोवर बागेच्या कामाचा माणूस हातातली नळी टाकून पुढे आला. "हार माजा हाय मॅडम. बाजारातला न्हवं, आमच्या रानातला झेंडू हाय त्यो. आमच्या कुंडल गावास्नं आनला." हे सांगताना त्याने हाराचं एक फूल सरळसुद्धा केलं.

पुण्यात असं काही झालं असतं तर महिनाभर चौकशी चालली असती आणि कुणी तोंड उघडलं नसतं. इथे तर रांग लागली होती. माझी खात्री झाली की हे सगळे मिळून कुणाला तरी पाठीशी घालत आहेत. मी म्हटलं, ठीक आहे, कॅमेरा बघू. कॅमेऱ्यात खंडेनवमीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त झेंडू दिसत होता. तोरण बरोबर त्याच्या डोळ्यासमोर बांधलेलं.

तेवढ्यात दुरुस्तीच्या खोलीतून भाभी आल्या. बोटांना खळ लागलेली, कारण जुन्या पुस्तकांची फाटकी पानं जोडायचं काम त्यांचं. मूळ सांगलीच्या, ईदला सगळ्यांना शीरखुर्मा आणणाऱ्या. सासऱ्यांचं तिथे बुकबायंडिंगचं दुकान होतं, ते काम आटलं तसं बंद झालं. यांच्या हाताला कागदाची सवय, म्हणून गेल्या दसऱ्यानंतर मी त्यांना इथे घेतलं होतं. प्रोबेशन त्याच महिन्यात संपणार होतं आणि त्यांना कायम करण्याचा कागद माझ्याच टेबलावर होता. मुलगी सांगलीत सासूबाईंकडे. कायम झाल्या की येत्या जूनमध्ये तिला साताऱ्याच्या शाळेत घालायचं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की शाळेचा गणवेश कसा असतो तेही मला पाठ झालं होतं.

"नारळ मी फोडला की ओ मॅडम," भाभी म्हणाल्या. चेहऱ्यावर अगदी उजेड. "पहिल्याच फटक्यात फुटला."

माझं डोकं चालेना. भाभींनी? नारळ? मशीनवर?

मग मेजरनी मला, फौजेतल्या नव्या पोराला समजवावं तसं, समजावलं. खंडेनवमीला ज्याच्यावर ज्याचं काम चालतं त्याची पूजा करायची. आणि इथला रिवाज असा, की ज्याचा इथला पहिला दसरा, त्याच्या हातून नारळ. "त्यो नारळ फुटला की मानूस आपला झाला. आमी सगळ्यांनी फोडल्यात. नारळाचं पानी मग सगळ्यावर शिपडायचं. गवत कापायचं यंत्र, भाभींची प्रेस, माजी बॅटरी..."

"आणि तलवारी?" मी घाबरून विचारलं.

"छ्या छ्या! त्या काचंतल्या. त्यास्नी लांबनं नमस्कार. तुमीच न्हाई का शिकिवलं, मांडलेल्या वस्तूला हात लावायचा न्हाई म्हनून?"

मी शिकवलं होतं खरं. थंब मशीन मांडलेली वस्तू नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. मला राग आला होता, पण तो नेमका कुठे ठेवायचा ते कळेना. मी म्हटलं, "तुम्ही मला चिडवायला केलंत का हे? हे मशीन तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे मला."

मेजर गोंधळलेले दिसले. "आवं, चिडवायचं कशापायी? परतेकाचं कायतरी व्हतं पुजायला. तुमी न्हवता. तुमचं काय पुजायचं, असं निघालं. खुर्ची पुजायची व्हय? मग ह्येच घावलं."

बाजारातून दुरुस्तीवाला आला. त्याने झाकण काढलं, आत नाक घातलं आणि म्हणाला, नारळाचं पाणी गेलंय, आता हे होत नाही. मी सोडून कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मी पिशवी उघडली, सगळ्यांना सोनं वाटलं, कडाकण्या वाटल्या. एकीकडे चौकशी आणि एकीकडे 'सोन्यासारखं राहा' हे एकाच तोंडाने कसं करायचं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

दुपारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे विश्वस्त. मूळ विट्याकडचे, सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात दक्षिणेत मोठे झालेले. राहतात तिकडेच, पण संग्रहालयात खिळा हलला तरी त्यांना कळतं. त्यांना सगळं कळलंच होतं, फक्त नाव कळलं नव्हतं.

"यंत्र कुणी मोडलं त्याचं नाव पाठवा," ते म्हणाले. "आणि कायम करायच्या माणसांत तो असंल, तर त्याचा कागद थांबवा. वस्तू जपायला ठेवलेली माणसं आपण. वस्तू मोडणारा कायम कसा करायचा?"

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की इथल्या माणसांसारखंच मीही कशाला हो म्हटलं ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी भाभींना बोलावलं. सांगणं भागच होतं. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोलायला हवं, एवढा एक नियम मी कुठेही गेले तरी पाळते. मी सांगितलं की नारळाच्या पाण्याने मशीन गेलं, साहेब नाव मागतायत, आणि कायम व्हायचा कागद अडकू शकतो.

सकाळचा तो उजेड एकदम गेला. त्या ओढणीच्या टोकाने बोटांची वाळलेली खळ खरवडत राहिल्या.

"पोरीला सांगून ठेवलंय ओ मी," त्या म्हणाल्या. "जूनला आणते म्हणून."

मी टेबलावरचा तो कागद पालथा घातला.

"आमच्या दुकानात कटिंग मशीनला दर वर्षी हार असायचा. कामाची पोरं घालायची, सासरे नारळ द्यायचे. त्यामुळं मला काय वावगं वाटलं नाही. मेजर म्हणाले, भाभी, यंदा तुमचा मान." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मी नको म्हणायला पाहिजे होतं का मॅडम? पण नको म्हटलं असतं, तर सगळ्यांना काय वाटलं असतं? भाभी आपल्यात येत नाही, असंच ना?"

नियमाप्रमाणे त्यांनी नकार द्यायला हवा होता, हे खरं. नकार दिला असता तर इथे राहणं त्यांना जड गेलं असतं, हेही खरं. एकाच हाताने एकाच नारळाने त्या आत आल्या होत्या आणि बाहेर जायच्या वाटेवर होत्या, आणि ती वाट मी लिहून द्यायची होती. मला रडू येईल असं वाटलं. मी त्यांना उगाचच पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना फोन लावला तेव्हाही काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "साहेब, मशीन माझ्या ताब्यातलं. त्याची पूजा माझ्या नावाने झाली. त्याला कुठे पाणी लागू द्यायचं नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नाव माझं घाला."

त्यांच्या मागे कसली तरी भट्टी घरघरत होती. मला वाटलं, आता माझंच गेलं.

"नारळ कुठं फोडला?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"उंबऱ्यावर फोडला, का यंत्रावर?"

"यंत्राच्या पुढ्यातच, वाटतं."

"आवो, काय माणसं हायती!" साहेब एकदम गावच्या भाषेत आले. "माज्या भट्टीला दर वर्साला नारळ असतोय. पर पानी उंबऱ्यावर! इस्तवाला पानी दावतंय का कोन? एवढं कळू नये?"

म्हणजे त्यांचा राग पूजेवर नव्हताच, जागेवर होता. की आधी मोडण्यावर होता आणि माझं नाव ऐकून जागेवर गेला? मी विचारलं नाही. माझ्या नावाने एक कडक ताकीद आली, ती माझ्याच विभागाच्या फाइलीत मीच लावली. भाभींच्या कागदावर सही होऊन आली. मी बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. पुण्यातल्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, तू प्रकरण दाबलंस. आईला विचारलं, तर ती म्हणाली, नारळाचं खोबरं काय केलं त्यांनी?

दिवाळीच्या आधी नवं मशीन आलं. बसवणारा जातो न जातो तोच सगळे दारात जमले. या वेळी पूर्ण तयारी होती. मशीनला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबर लावलं होतं, टीव्हीच्या रिमोटला घालतात तशी, आणि कुंकू पिशवीवर. मेजरनी नारळ माझ्या हातात दिला.

"मला कशाला?" मी म्हटलं. "ज्याचा पहिला दसरा त्याचा मान ना? माझे इथे तीन झाले."

"झालं की," मेजर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पर तुमी हितं व्हता कवा?"

मी बघितलं तर खरंच. एका दसऱ्याला मी पुण्यात बैठकीला, बाकी दोन्हींना सांगलीला. दिवाळीला, संक्रांतीला तेच. मी सगळ्यांची हजेरी घेत होते आणि माझ्या वाटचा नारळ या माणसांनी तसाच ठेवून दिला होता. कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

नारळ मला फोडता येईना. दोनदा उंबऱ्यावर आपटला, नुसता आवाज झाला. मग भाभींनी माझं मनगट धरलं. "शेंडी हातात धरा मॅडम. आणि यंत्रापासनं लांब." तिसऱ्यांदा तो असा फुटला, की सगळं पाणी माझ्या हातांवर, साडीवर आणि मेजरच्या बुटांवर. सगळे हसले. मीही हसले आणि डोळे ओल्या हाताने पुसले, ते बघितलंच नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

मग पिशवी काढली आणि एकेकाने अंगठा लावला. मेजर, माळी, भाभी, सगळ्यांचा पहिल्या झटक्यात लागला. माझी बोटं नारळाच्या पाण्याने चिकट झालेली. मी पुसून पुसून परत परत लावला, पण शेवटपर्यंत मशीनने मला ओळखलं नाही. मशीन आणताना मीच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, त्या दिवशी मी गैरहजर आहे.