डनिडिनला कोथिंबीर मिळते का

"तिला कशाला विचारतोस? ती बोलतच नाही."

नणंदबाईंचं, मेधाताईंचं, हे त्यांच्या नवऱ्याला, भाऊजींना, सांगणं मी भांडी पुसताना ऐकलं. लग्न होऊन ऑकलंडला आले, घर मिळेपर्यंत आम्ही दोघं त्यांच्याकडेच राहतोय. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. या वसंतात माझ्याकडे साठले ते सगळे एकाच प्रश्नावरचे: ताईंच्या मुलीने, माझ्या भाचीने, इराने मेडिकलच्या आधीचं वर्ष इथेच घरात राहून करायचं, की खाली दक्षिणेला, डनिडिनच्या हॉस्टेलवर?

*

भाऊजी आयटीतले. त्यांनी एक्सेल शीट केलं, प्रत्येक मुद्द्याला वजन दिलं. 'आईचं जेवण' या रकान्याला सगळ्यात जास्त. ऑकलंड जिंकलं.

इराने त्या रकान्याचं वजन शून्य करून शीट परत पाठवलं. डनिडिन जिंकलं.

मेधाताईंनी पुढचे दोन दिवस फक्त मुगाची खिचडी केली.

*

रविवारी कुलकर्णी काकू आल्या. त्यांचा मुलगा डनिडिनला शिकलेला.

"आमचा निखिल तिकडे गेला तेव्हा शाकाहारी होता," एवढंच बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

*

मग एका वीकेंडला सगळे हॉस्टेल बघायला गेलो. त्या गारठ्यात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेली एक विद्यार्थिनी आम्हाला फिरवत होती. लॅब झाली, लायब्ररी झाली. "काही प्रश्न?" तिने विचारलं.

"इथे कोथिंबीर मिळते का?" ताईंनी इंग्रजीत विचारलं.

"हो, हीप्स." म्हणजे ढिगाने.

ताईंचा चेहरा पडला.

नंतर इरा आणि मी चढावरच्या पायरीवर बसलो होतो. खालून समुद्राचं धुकं रस्ता चढत वर येत होतं. एकेक घर पुसलं जात होतं, कुणालाही न दुखवता. आमचे पायसुद्धा अर्धे गेले.

"मामी, आय कॅन थिंक हिअर," इरा म्हणाली.

मलाही एकदा पुण्याबाहेर अ‍ॅडमिशन मिळाली होती. घरच्यांनी विचारलं, मी गप्प बसले, आणि सगळ्यांनी तो नकार धरला. अजूनही कधी कधी मी ते न पाहिलेलं कॉलेज स्वप्नात पाहते. त्याला लांबच लांब व्हरांडा असतो.

हे इराला सांगावं असं वाटलं. तोवर धुकं वर आलं होतं.

*

हॉस्टेलला होकार कळवायचा शेवटचा दिवस पुढचाच रविवार होता, संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी मी आणि इरा सँडरिंगहॅमला भाजी आणायला गेलो. दुकानासमोर गाडीतच तिने फोनवर फॉर्म उघडला. गेल्याच महिन्यात अठराची झालीय, सही तिचीच चालते. शेवटच्या चौकटीत ती अडली: इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा?

"मम्मा विल क्राय फर्स्ट. यू विल लिसन फर्स्ट," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी मान डोलावली.

*

साडेचारला कुलकर्णी काकूंसकट सगळे हॉलमध्ये जमले. काकू म्हणाल्या, "मुलगी जवळ असलेली बरी." ताईंनी डोळे पुसले. भाऊजींनी शीट पुन्हा उघडलं.

"अर्धा तास राहिलाय. आणखी कुणाला काही बोलायचंय?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

इराने माझ्याकडे बघितलं. मी हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

"डनिडिन," मी म्हटलं. "फॉर्म सकाळीच गेलाय. आणि ताई, इमर्जन्सीला माझा नंबर दिलाय. तिकडून फोन आला, तर मी बोलेन."