मास्तरांच्या खोलीचं कुलूप

भीमराव मास्तर गेल्याचं मला कोप्पीकर रोडवरच्या माझ्या वकिलीच्या कचेरीत कळलं. धारवाडहून सकाळच्या गाडीनं आलेला एक पक्षकार कागद पुढे सरकवता सरकवता म्हणाला, "तुमचे ते सायन्सचे मास्तर परवा गेले की." परवा. म्हणजे मला कुणी कळवलंही नव्हतं... आणि का कळवावं? कित्येक वर्षांत मी त्यांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मास्तर धारवाडच्या ज्या शाळेत शिकवत, त्या शाळेच्या मागे एक लांबोडकी खोली होती. मोडकी बाकं टाकायची जागा ती. मास्तरांनी ती मागून घेतली आणि दर रविवारी सकाळी सगळ्यांसाठी उघडी ठेवू लागले. दारावर कन्नड आणि मराठीत लिहिलं होतं, 'मुट्टि नोडि, हात लावून बघा.' आम्ही दाजीबानपेठेतल्या आमच्या घरून सकाळच्या गाडीनं निघायचो. मी, आमची मंडळी आणि आमची मुलं, कुसुम आणि श्रीधर. डब्यात दशम्या आणि शेंगाचटणी. गाडीत मुलांचं भांडण एकच, आज आधी कशाला हात लावायचा. तिथे कप्प्यांना टांगलेली एक खुर्ची होती. आठ वर्षांच्या कुसुमनं दोरी ओढून मला, माझ्यासारख्या जाड माणसाला, वर उचललं होतं. आमची मंडळी पदर तोंडाला लावून हसत होती आणि मास्तर गंभीरपणे म्हणाले होते, "बापू, घरी आता मुलीशी जपून वागा." मला बापू म्हणणारा घराबाहेर तो एकच माणूस.

सगळ्यांत गर्दी असे हवेच्या पंपाशी. काचेच्या मोठ्या हंडीत एक घंटा वाजत राहायची. मुलांनी दांडा फिरवून हंडीतली हवा काढली की घंटा हलताना दिसे, पण आवाज नाहीसा होई. अळणावरच्या लाकडाच्या वखारीत काम करणारा परशराम त्याच्या मुलीला, गंगाला, घेऊन याच पंपासाठी यायचा. पोर तासभर दांडा सोडत नसे. काही पालकांना ते खपत नव्हतं. कुणाच्याही मुलांनी त्याच वस्तूंना हात लावायचा म्हणजे काय, अशी कुजबूज चाले. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत.

एका रविवारी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष नातवाला घेऊन आले. त्या मुलानं गंगाला बाजूला सारून हंडी दोन्ही हातांनी उचलली, ती निसटली आणि फरशीवर तिचा चुरा झाला. मी हातभर अंतरावर उभा होतो. अध्यक्षांनी नातवाकडे पाहिलंच नाही. ते परशरामवर गरजले, की असल्या पोरांना आणता कशाला. परशरामनं पटका काढून हातात घेतला आणि मान खाली घातली. मास्तर पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "हंडी तुमच्या नातवाच्या हातून फुटली. लहान आहे, फुटते कधी. पण त्या मुलीचं नाव घेऊ नका."

हंडी कुणी फोडली आणि खोली चालू ठेवायची का, हे ठरवायला आठवड्याभरात शाळेच्या कमिटीची सभा भरली. मीही सभासद होतो. मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब तिथेच होते, त्यांना विचारा." अध्यक्षांची कितीतरी कामं माझ्याकडे होती. मी म्हणालो, "गर्दी होती. नीट दिसलं नाही."

बस, एवढंच. यंत्रं कपाटांत गेली, खोलीला कुलूप लागलं, किल्ली अध्यक्षांच्या टेबलात. मास्तर निवृत्त होईपर्यंत फळ्यावर खडूनं पंप काढून शिकवत राहिले. भेटले की नमस्कार करत, 'वकीलसाहेब' म्हणत. घरी कुसुम म्हणाली होती, "बाबा, तुम्ही तर शेजारीच होता ना." मी तिला अभ्यासाला बस म्हणालो.

मास्तर गेल्यानंतरच्या शोकसभेत त्याच अध्यक्षांनी अर्धा तास भाषण केलं. मास्तरांनी बहुजनांच्या मुलांना विज्ञान हाती दिलं म्हणे. हार, उदबत्त्या, डोळ्यांना रुमाल. त्या रुमालाचा मला इतका संताप आला की मी उठून व्हरांड्यात आलो. तिथे खांबाशी परशराम उभा होता, केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं. सांगू लागला, "कुलूप लागल्यावर मास्तर अळणावरला आलते, साहेब. पोरीच्या म्होरं बसून म्हणाले, बाळ, चूक आमची, तुझी न्हाई. जेवूनच गेले." मी मागायची ती माफी मास्तर आगगाडीनं जाऊन मागून आले होते, आणि मला कधी बोलले नाहीत.

खोलीला मास्तरांचं नाव द्यायचं ठरलंय. पाटीसाठी चार ओळी अध्यक्षांनी माझ्याकडून मागवल्या. मी लिहून दिलं, की हंडी अध्यक्षांच्या नातवाच्या हातून फुटली, दोष मजुराच्या मुलीवर ढकलला गेला, आणि खाली सही करणारा सगळं पाहून खोटं बोलला. कागद परत आला, 'पाटीस योग्य नाही' असा शेरा घेऊन. म्हणून तो मजकूर या लेखातून छापायला दिला आहे. कमिटीचा राजीनामाही दिला, पण त्यात कसलं शौर्य... इतक्या वर्षांनी.

गेल्या रविवारी मास्तरांच्या घरी गेलो. तेव्हा कळलं, खोली गेल्यावर मास्तर रविवारी आपल्या ओसरीवरच बसत. स्वतःची दोन भिंगं, एक लोहचुंबक, आरशाचे तुकडे, एवढंच घेऊन. वहिनी अजूनही रविवारी सकाळी तिथे चटई घालतात आणि ते सगळं मांडून आत जातात. गल्लीतली पाच-सहा मुलं येऊन बसली होती. वहिनींनी मला पाहिलं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मुलांना म्हणाल्या, "जरा सरका रे." मी चपला काढल्या आणि चटईच्या कडेला बसलो.