छत्रीवाल्या सरूबाईंचं इलेक्शन

भिंतीचं एक असतं. दर इलेक्शनला तिच्यावर नवी निशाणी चढते आणि जुनी खाली दबते. मी चाळीस वर्षं नागपुरात पेंटरकी केली. आमच्या विणकर वस्तीतली कुठलीही भिंत नखानं खरवडा, खालून कंदील निघेल, होडी निघेल. किस्स्यांचंही तसंच झालंय. आम्ही जुने चौघं चहाला बसलो की कोणीतरी खरवडायला लागतो, आणि फिरून फिरून निघते ती सरूबाईंची छत्रीच.

सरूबाई वस्तीतल्या सुईण. सत्तर सालाच्या आगेमागे कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत आमच्या पुरोगामी आघाडीनं त्यांना उभं केलं. समोर दोनदा निवडून आलेला ठेकेदार, जीपवाला. आमच्याकडे आघाडीचे पुढारी भाऊराव टेलर, मी आणि माझे दोन ब्रश. अख्ख्या वस्तीला नळ दोन, बाया पहाटेपासून रांगेत. भांडण त्या नळांचंच होतं. बाईमाणूस कॉर्पोरेशनात जाऊन नळ आणेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. सगळ्यात कमी सरूबाईंच्या नवऱ्याचा, फागोजींचा.

* * *

पहिली भिंत मी त्यांच्याच घराची रंगवली. ‘सरस्वतीबाई फागोजी यांनाच मत द्या.’ अक्षरं हातभर उंच. फागोजी मागावरून उठून बाहेर आले.

“माहं नाव काहून लिहिलं गा?”

“मतदार यादीत तसंच आहे, काका. बाईच्या नावामागं नवऱ्याचं नाव येते.”

“मी उभा आहो का इलेक्शनले? तिचं लिही. माहं पूस.”

मी म्हटलं, पक्का रंग आहे, पुसत नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. त्या दिवसापासून बायकोशी बोलणं बंद. भाकर पाहिजे असली की ताट वाजवायचे.

सरूबाई हे हसून सांगत. पण एकदा मी शिडीवर असताना खालून हळूच म्हणाल्या, “पेंटरभाऊ, जिंकली तरी घरात असंच मुकं राहा लागन का मले?” मी रंग ढवळत बसलो.

* * *

भाऊरावांना शब्दांचा सोस भारी. त्यांनी मला प्रत्येक भिंतीवर ‘पुरोगामी’ लिहायला लावलं. सरूबाई म्हणाल्या, “हा शब्द पाहून कोणाच्या घागरीत पाणी पडन? त्याच्यापेक्षा नळ काढ.”

मी जीव ओतून नळ काढला. तोटीतून धार, खाली घागर. आठ दिवसांनी कळलं, लोक विचारत फिरून राहिले होते की शिक्का छत्रीवर मारायचा का नळावर. आमची निशाणी छत्री होती! मग भर उन्हात अठरा भिंतींवरचे नळ मीच चुन्यानं बंद केले. वस्तीचे नळ बंद करणारा पहिला पुरोगामी म्हणून भाऊराव मला अजून चिडवतात.

* * *

ठेकेदाराकडून एक दांडगा पोरगा घोषणा देत हिंडायचा. एकदा गल्लीत सरूबाईंच्या समोरच आला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“तू कौसाबाईचा ना गा? पायाळू आला होता तू. दोन दिवस मायचा जीव खाल्ला. मीच तुले पाय धरून सरळ बाहेर काढलं, अन् आता माह्याच अंगावर ओरडून राहिला?”

पोरगा घरी गेला. त्याच्या आईनं पुढचे आठ दिवस त्याला दारातून बाहेर पडू दिलं नाही. ठेकेदाराला कळेना की आपली माणसं एकेक करून जातात कुठे. वस्तीतली पस्तिशीच्या आतली बहुतेक माणसं सरूबाईंच्याच हातांत जन्मली होती, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

* * *

विणकर गल्लीत सकाळी जीप नेऊ नये, हेही त्याला माहीत नव्हतं. सकाळी गल्लीभर ताणा पसरलेला असतो. लाकडी घोड्यांवर ताणलेलं सूत, त्याला खळ लावून बायामाणसं कुंचे फिरवतात. सूत वाळेपर्यंत तिथून कोणी जात नाही. मयतसुद्धा दुसऱ्या गल्लीनं नेतात.

जीप हॉर्न वाजवत उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, जरा बाजूला घ्या. एक म्हातारा कुंचा न थांबवता म्हणाला, “घेतो ना, बावा. एक धागा तुटला तं बारा घरची मतं तुटतीन.”

ठेकेदार दोन तास जीपमध्ये घाम पुसत बसला. त्याच वेळी सरूबाई वाकून, ताण्याखालून या दारातून त्या दारात चालल्या होत्या, वर जीपवाल्यांना पाणी पाठवत होत्या.

* * *

खरी भीती वेगळीच होती. मागच्या खेपेला आमच्या कितीतरी बाया मत न देता परत आल्या होत्या. का? मतदान केंद्रावरचा साहेब यादी बघून नवऱ्याचं नाव विचारतो आणि बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. एकीनं सांगितलं होतं, “महादेवाचं नाव आहे.” साहेबानं यादीतले शंकर, शंभू, नीळकंठ सगळे वाचून दाखवले. ती प्रत्येक नावाला लाजली. शेवटी तिला घरी पाठवलं.

म्हणून सरूबाईंनी दुपारी अंगणात शाळा घेतली. एकेकीनं उठायचं आणि नाव सांगायचं. कोणी उठेना. एक म्हातारी म्हणाली, “सरू, आधी तू घे वं.”

सरूबाईंची मान खाली गेली. आत फागोजींचा माग खटखट चालू होता, तो थांबला. त्या म्हणाल्या, “मी निवडून आली तं सगळ्याईसमोर घेईन. उखाण्यात नाई, सरळ.” माग पुन्हा सुरू झाला.

उखाणा म्हटल्याबरोबर भाऊरावांचं डोकं चाललं. “लग्नात घेता ना नाव? तसंच घ्या साहेबासमोर!”

* * *

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या खोलीत पहिली बाई गेली आणि साहेबानं नाव विचारलं.

“डोईवर घागर, नळाले नाई पाणी, चिंतामणरावाचं नाव घेते, मी त्याईची राणी.”

साहेबानं पेन खाली ठेवला. दुसरी आली, तिचाही उखाणा. दुपारपर्यंत तो साहेब स्वतःच म्हणायला लागला, “घ्या बाई, नाव घ्या.”

बाहेर वेगळाच तमाशा. रणरणतं ऊन, जो तो छत्री घेऊन आलेला. ठेकेदाराच्या माणसानं तक्रार केली की मतदान केंद्राजवळ निशाणी चालत नाही. कायदा तसाच होता. शिपायानं सगळ्यांच्या छत्र्या फाटकाबाहेर ठेवायला लावल्या. तासाभरात तिथं पुरुषभर उंच ढीग झाला, आणि येणारा प्रत्येक माणूस तो ढीग पाहूनच आत जाऊ लागला. तक्रार करणाऱ्याची छत्री तेवढी सगळ्यांत वर होती.

* * *

सरूबाई निवडून आल्या. थोडक्या मतांनी, पण आल्या.

शपथेच्या दिवशी आम्ही सगळे कॉर्पोरेशनच्या गॅलरीत. फागोजीही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेलं धोतर, टोपी, शेवटच्या बाकावर एकटेच. दीड महिना झाला होता, घरात ताटच वाजत होतं.

सरूबाई माईकपुढे गेल्या. हातात कागद.

“मी, सरस्वती...”

आणि थांबल्या. खाली कुजबुज सुरू झाली. बाईला वाचता येत नाही, असं एक मेंबर मोठ्यानं म्हणाला आणि ठेकेदाराचे दोस्त हसले. शेजारच्यानं मदत म्हणून कागदावर बोट ठेवलं. सरूबाईंनी ते बोट बाजूला सारलं. माझ्या शेजारी भाऊराव पुटपुटत होते, “घ्या बाई, घ्या.”

त्यांनी पदर सारखा केला. कागदाची घडी केली. मान वर केली आणि भरल्या सभागृहात म्हणाल्या, “मी, सरस्वती फागोजी...”

शेवटच्या बाकावरून आवाज आला, “काय वं?”