खालून येणारा फीडबॅक

आमच्या फ्लॅटखाली एक आयरिश आजोबा राहतात. कुणी विचारलं नाही तरी मत द्यायचं, एवढंच त्यांना काम. मी मोबाईलवर बघून व्हिसल शिकते, म्हणजे ती टिनची छोटी बासरी. त्यात वाजवते त्यांच्याच गावाकडच्या चाली, मग काय, त्यांचा हक्कच झाला!

रोज सकाळी कचऱ्याच्या बिनपाशी मला गाठतात. आधी टोपी काढतात, जसं कुणी वारलंय. "काल फारच छान. म्हातारी गाय जिना उतरतेय असं वाटलं." मी बाळाला कडेवर घेऊन आपली सॉरी सॉरी करते. नवरा म्हणाला, "त्यांनी कम्प्लेंट केली तर भाड्याचं घर जाईल हां." मी दहावी नापास, मला इंग्लिश लेटरचीच धडकी भरते. मग मी रजई डोक्यावर घेऊन वाजवायला लागले. बाळ हसायचं, माझा जीव गुदमरायचा. शेवटी बंदच केलं.

चौथ्या दिवशी दार वाजलं. आजोबा! एक जिना चढून धापा टाकत उभे. मला वाटलं, आलं लेटर.

टोपी काढून म्हणाले, "वाजवत का नाहीस? मेलीस की काय?"

"तुम्हाला त्रास होतो ना."

"होतोच. फार होतो. तू श्वास कोंडून धरतेस आणि मग पडतेस. मधला एक सूर सोड, तिथे श्वास घे. आम्ही व्हिसलवाले सगळे तेच करतो. वाजव आता."

आणि पायरीवर बसले. मी वाजवलं. टोपी घालून उठून गेले.

सकाळी बिनपाशी टोपी काढली. "गाय तीच आहे. पण आता जिन्यात दम खाते."