सोय बंद करून काढलेली कोयरी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मधूसाठी पेज ढवळत होते. मधू माझा धाकटा भाऊ, सराफ्यात सोनारकाम करायचा. मधू गेला, एवढंच सांगितलं. फोन ठेवला आणि आधी गॅस बंद केला. रडू आलं नाही. भीती वाटली, आणि ती नवी नव्हती.

आमच्या वडिलांचा हात असाच थरथरायला लागला होता. पुढं घास गिळेना, त्यातच ते गेले. म्हणून मधूच्या हातातला चिमटा पहिल्यांदा हलला तेव्हा आम्हा दोघांनाही वडीलच आठवले... अशा हातात सोनं कोण देतं? त्यानं दागिन्यांचे नमुने कॉम्प्युटरवर काढायचं ठरवलं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते बघायला जाताना मला सोबत नेलं. प्रत्येक ठिकाणी तो एकच कोयरी काढून बघायचा. पहिल्या दोन ठिकाणी रेघ करवतीच्या दातांसारखी आली, तीही एवढ्या मोठ्या पडद्यावर. विकणारा म्हणाला, "काका, माउस हलका धरा."

"तुमचा माउसच भित्रा हाय," मधू म्हणाला. सगळे हसले. मी हसले नाही.

तिसऱ्यात हाताची थरथर आपोआप गाळून टाकायची सोय होती. कोयरी गुळगुळीत आली. मधू तिथंच पैसे भरून मोकळा झाला. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हात बिघडत गेला तर आता कळणार कसं? वाटेत म्हटलं, "डॉक्टरला दाखव."

"रेघ बघितलीस ना अक्का? काय झालंय मला?"

मग मी हट्टच धरला. रोज सकाळी ती सोय बंद करायची, माझ्यासमोर एक कोयरी काढायची, मग धंदा. "तू पोलिसात पायजे व्हतीस," म्हणायचा, पण काढायचा. कोयरी दिवसेंदिवस जास्तच फाटत गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एका सकाळी चहाचा ठसका लागला तो थांबेचना. माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, आज नको काढाया." त्याच दिवशी दवाखान्यात नेलं...

आता लोक म्हणतात, ते कॉम्प्युटरचं मशीन विकून टाका. मी चौथी शिकलेली, पण ती सोय कुठून बंद होते ते मला ठाऊक आहे. हल्ली चहा घेताना माझ्या हातात कपबशी वाजते. सकाळी मशीन लावते, सोय बंद करते, माउसवर हात ठेवते. हलवत नाही.