एक भेग मुद्दाम

माझ्या थोरल्या भावाला सगळा रस्ता भेगाकाका म्हणतो. नव्या माणसाला वाटतं, हा पायांच्या भेगांवर मलम विकत असावा. एक बाई तर खरंच टाच दाखवायला आली होती. दादा जुन्या मोटारींची तडकलेली स्टिअरिंगं दुरुस्त करतो. एकतीस वर्षं हेच एक काम. मी त्याच खोलीत, खिडकीकडच्या बाजूला, जुन्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही, आणि शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

जुन्या स्टिअरिंगच्या आत लोखंडी कडं असतं आणि त्यावर कडक रबराचं जाड आवरण. उन्हातान्हात रबर आक्रसतं, लोखंड काही आक्रसत नाही, मग आवरण तडकतं. लोकांना वाटतं, वरून पुट्टी फासली, रंग मारला, झालं. असं करणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दीही असते. वर्षभरात भेग पुन्हा डोकं वर काढते. दादा आधी भेग मोठी करतो. तीनधारी कानशीनं ती थेट लोखंडापर्यंत खणतो, गंज खरवडतो, राळेचा लगदा दाबून भरतो, दोन दिवस वाळू देतो, घासतो, पुन्हा भरतो. शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवतो. अंगठा कुठं अडखळला की सगळं पहिल्यापासून.

मधल्या दिवसांत त्या स्टिअरिंगच्या चाकाकडे बघवत नाही. कुत्र्यानं चघळलेल्या हाडासारखं दिसतं. म्हणून दादाचा नियम असा, की खणलेलं चाक गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही आणि त्याचा फोटोही काढायचा नाही. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या घरच्यांना कुणी आत बोलावतं का, असं तो विचारायचा. मलाही ते पटायचं.

गेल्या वर्षी एक वकील त्यांच्या वडिलांच्या मोटारीचं स्टिअरिंग घेऊन आले. मोतिया रंगाचं, नऊ भेगांचं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी ते धरलं होतं, आणि हे सांगताना माणूस गहिवरला होता, खोटं कशाला बोलू. दादानं त्यावर सात आठवडे घातले. चाक हातात आलं तेव्हा वकील त्यावरून हात फिरवत बसले. उठेचनात.

पुढच्याच महिन्यात जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. तिथल्या परीक्षकानं चाकाभोवती बोट फिरवलं, कुठं सांधा लागेना, तेव्हा त्यानं लिहून टाकलं की हे मूळ चाक नाही, नवं करून बसवलंय. गुण कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांनी ते स्टिअरिंग दादाच्या टेबलावर आणून आदळलं. नेमका तेव्हा गॅरेजवाला बसलेला होता. दादाचं निम्मं काम त्याच्याकडून येतं.

"माझ्या वडिलांचं चाक कुणाला विकलंत?" वकिलांनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम बिघडलं म्हणून भांडायला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. काम फार चांगलं झालं म्हणून कारागिराला चोर ठरवणारा हा पहिलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दादा समजावून सांगत होता, पण वकिलांनी उलटतपासणीच सुरू केली. मधल्या दिवसांतले फोटो आहेत का? नाहीत. दुरुस्ती चालू असताना कुणी पाहिलं? मी म्हटलं, मी पाहिलं, रोज पाहिलं. त्यावर ते म्हणाले, बहिणीची साक्ष काय धरायची. आणि आमच्याकडचा चहा वीस वर्षं प्यायलेला तो गॅरेजवाला स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "भेगाकाका, काही असेल तर आत्ताच सांगून टाका."

वकिलांचं एक सोडा, ते परके. याला मी अजून माफ केलेलं नाही.

दादानं चाक लाकडी चिमट्यात आवळलं, कानस घेतली आणि स्वतःचंच काम फोडायला लागला. आधी रंग गेला, मग अस्तर, मग राखाडी लगदा दिसला, त्याच्या दोन्ही अंगांना जुनं पिवळट रबर, आणि तळाशी लोखंड. माझ्याच्यानं बघवेना. मी मशीनवर मान खाली घातली.

"हा माझा लगदा," दादा म्हणाला. "हे तुमच्या वडिलांचं रबर. अजून आठ ठिकाणी असंच आहे. सगळी उघडू?"

वकिलांनी वाकून पाहिलं, बोट लावलं, चष्मा पुसला. मी वाट बघत होते. माणूस आता तरी चुकलो म्हणेल. ते म्हणाले, ठीक आहे, मग हे होतं तसं करून द्या. एवढंच. कायद्याची एवढी जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांत माफीचं पान बहुधा गळालेलं असावं. मी म्हटलं, चाक उचला आणि चालू लागा. पण दादानं त्यांना दहा दिवसांनी यायला सांगितलं. मी दोन दिवस दादाशी बोलले नाही.

दहाव्या दिवशी चाक कापडात गुंडाळताना माझ्या बोटाला काहीतरी लागलं. मागच्या बाजूला, खाली, नखाएवढी भेग. मला वाटलं, दादाची नजर गेली. म्हटलं, ही राहिली की रे.

"राहिली नाही. ठेवलीय."

"का?"

"चांगलं काम करून बघितलं, चोर ठरलो. आता थोडं वाईट करून बघतो."

पुढच्या प्रदर्शनात त्याच परीक्षकाला ती भेग सापडली. त्यानं तिच्यात नख घालून पाहिलं म्हणे, आणि अस्सल असा शेरा मारून पैकीच्या पैकी गुण दिले. वकिलांनी बक्षिसाचा फोटो पाठवला. गॅरेजवाल्यानं आठवड्याभरात तीन चाकं पाठवली, वर भेगाकाकांसारखा प्रामाणिक माणूस मिळणार नाही असं सगळ्यांना सांगत सुटला. एकतीस वर्षं दादा भेगा बुजवत होता तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

आता प्रत्येक चाकावर दादा एक भेग सोडतो. गिऱ्हाइकं खूश असतात, ती भेग एकमेकांना दाखवतात. पूर्वी तयार चाक दादा स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि त्याचा अंगठा चाकावरून पुरता फिरेपर्यंत समोर उभा राहायचा. आता गिऱ्हाईक यायची वेळ झाली की तो चपला घालून बाहेर निघून जातो. चाक मी देते.